उन्हाळी एक, चिठ्ठ्या तीन

दांडिया बाजारातल्या तिशीतल्या एका बाईला लघवीला जळजळ होतेय, अर्ध्या-अर्ध्या तासाला जावं लागतंय, ताप नाही. बडोद्याचा मे महिना, म्हणजे घरात 'उन्हाळी लागली' म्हणून धने-जिऱ्याचं पाणी सुरू झालेलं असतं. दुसऱ्या दिवशी दवाखाना. निदान एकच, मूत्रसंसर्ग, म्हणजे मूत्रमार्गात जंतूंची लागण; अँटिबायोटिक मात्र तीन. एक डॉक्टर नॉरफ्लॉक्सासिन लिहितात, दुसरे नायट्रोफ्युरँटॉइन 100 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ 5 दिवस, तिसरे फॉस्फोमायसिनची 3 ग्रॅमची एकच पुडी. मग शेजारीण विचारणारच, खरं कोण?

डॉक्टरागणिक उपचार बदलतात, हे नवं नाही. अमेरिकेत जॉन वेनबर्ग यांनी 1973 मध्ये व्हरमाँट राज्यातले आकडे मांडले, तेव्हा जवळजवळच्या भागांत टॉन्सिल काढण्याचं प्रमाण कित्येक पटींनी वेगळं निघालं. पुढे मेन राज्यात पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या ऑपरेशनचंही तेच दिसलं. आजाराचं प्रमाण इतकं वेगळं असण्याचं कारण नव्हतं, फरक बराचसा डॉक्टरांच्या पद्धतीत होता.

काही फरक मात्र रास्तच असतात. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर उतरतं, पण किडनीच्या आणि प्रोस्टेटच्या आत पुरेसं पोचत नाही. म्हणून थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखलं किंवा रुग्ण पुरुष असला, की औषध बदलणं भागच असतं. रक्तातलं क्रिएटिनिन बरंच वाढलेलं असेल, म्हणजे किडनी मंदावली असेल, तर ही गोळी टाळतात.

नॉरफ्लॉक्सासिन किंवा त्याच जातीच्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चिठ्ठीमागे मात्र बहुतेक वेळा सवय असते. एके काळी ही औषधं हुकमी होती. आता आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीतल्या मोठ्या रुग्णालयांत, हा त्रास बहुतेकदा ज्यांच्यामुळे होतो ते ई-कोलाय जंतू निम्म्याहून जास्त वेळा सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद देत नाहीत. शिवाय स्नायुबंध आणि नसांना होणाऱ्या अपायामुळे साध्या मूत्रसंसर्गात दुसरा पर्याय असताना ही औषधं वापरू नयेत, असं अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने 2016 मध्ये बजावलं.

चिठ्ठीत आणखी एक गंमत दिसते, आणि ती फारशी कुणी बघत नाही. जळजळ शमावी म्हणून लघवीचा आम्लपणा मारणारं गोड सिरप आपल्याकडे सर्रास देतात. नायट्रोफ्युरँटॉइन आम्ल लघवीत जास्त चांगलं चालतं. एकाच चिठ्ठीवर दोन्ही असली, तर सिरप गोळीचेच पाय ओढतं. अशा वेळी केमिस्टशी वाद न घालता डॉक्टरांनाच फोन करावा.

सगळ्यात मोठी तफावत कल्चरच्या, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघण्याच्या तपासणीच्या बाबतीत. साध्या, पहिल्यांदाच झालेल्या त्रासाला तपासणीविना औषध चालतं. पण त्रास वारंवार होत असेल, ताप, गर्भारपण, मुतखडा असेल किंवा रुग्ण पुरुष असेल, तर कल्चर हवंच, आणि नमुना पहिल्या गोळीच्या आधी द्यायचा. आधी लघवीची जागा नुसत्या पाण्याने धुवायची. डेटॉल नको, त्याचा अंश बाटलीत गेला तर जंतू मरतात. पहिली धार सोडून मधली, साधारण 20 मिलिलिटर, लॅबच्या निर्जंतुक बाटलीत घ्यायची. आणि 2 तासांत लॅब गाठायची. ते जमत नसेल तर फ्रिजमध्ये, फार तर 24 तास.

इथेच घोळ होतो. सकाळी भरलेली बाटली स्कूटरच्या डिकीत दुपारपर्यंत तापते. मिलिलिटरमागे मूळ 1,000 जंतू असतील आणि ते 40 मिनिटांत दुप्पट होत असतील, तर सातव्या दुपटीला, म्हणजे पावणेपाच तासांत, 1,28,000 होतात. छापील रिपोर्टात संसर्ग धरायची रेघ 1 लाख असते, म्हणजे बाटली डिकीतच 'पॉझिटिव्ह' झाली! उलट, जळजळ असलेल्या बाईच्या ताज्या नमुन्यात नुसते 1,000 ई-कोलाय असले तरी ते अर्थपूर्ण असू शकतात. पण लॅबने 'विशेष वाढ नाही' लिहिलं, की एक डॉक्टर औषध थांबवतात, दुसरे चालू ठेवतात. तीन-चार जातींचे जंतू एकत्र उगवले तर बहुधा बाहेरची भेसळ. नमुना परत द्यावा. रिपोर्टला साधारण 48 तास लागतात, आणि रुग्ण तोवर परत येईलच असं नसतं. म्हणूनही अनेक डॉक्टर पहिल्याच दिवशी जोरकस औषध लिहून मोकळे होतात.

सगळ्यात जास्त वाया जाणारी औषधं बहुधा आजी-आजोबांच्या पोटात जातात. रूटीन तपासणीत 'पस सेल्स 10-12', म्हणजे लघवीत पुवाच्या पेशी, असं आलं, कल्चरमध्ये जंतू निघाले, पण जळजळ नाही, ताप नाही. उतारवयात हे पुष्कळांना असतं. महिनाभर कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, असलेल्या जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू असतात. त्रास नसताना औषध दिल्याने फायदा होत नाही. उरलेले जंतू तेवढे निबर होतात. अपवाद ठळक दोन: गरोदर बाई, आणि मूत्रमार्गात दुर्बीण घालून ज्यांचं खड्याचं वा प्रोस्टेटचं ऑपरेशन व्हायचंय ते. त्यांच्या बाबतीत लक्षणं नसली तरी कल्चर करून, जंतू निघाले तर आधी औषध देतात.