गव्हाच्या बिअरमध्ये केळं येतं कुठून?

"यात केळ्याचं इसेन्स घातलंय का हो?" पुण्यातल्या माइक्रोब्रुअऱ्यांच्या टेस्टिंग रूममध्ये हा प्रश्न हमखास कानावर पडतो. लाकडी फळीवर चार-पाच छोटे ग्लास मांडून येतात. त्यातला फिकट पिवळा, गढूळ ग्लास नाकाजवळ नेला की पिकलेल्या केळ्याचा वास येतो आणि मागोमाग लवंगेचा. ही गव्हाची बिअर, हेफेवायझन. डूलालीनं २००९ मध्ये पुण्यात माइक्रोब्रुअरी सुरू केली, ती देशातल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी एक. तेव्हापासून ही बिअर या शहरात चांगलीच रुळली आहे, आणि तिच्याबरोबर इसेन्सचा संशयही रुळला आहे.

अस्सल हेफेवायझनच्या टाकीत केळं पडलेलं नसतं, लवंग नसते, इसेन्सही नसतं. माल्ट केलेला (म्हणजे मोड आणून वाळवलेला) गहू, माल्ट केलेली बार्ली म्हणजे जव, थोडे हॉप्स म्हणजे एका वेलीची कडवट फुलं, पाणी आणि यीस्ट, एवढाच ऐवज. केळं बनवतं ते यीस्ट. ते कसं बनवतं, ही मला जीवरसायनशास्त्रातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

ही बिअर मूळची जर्मनीतल्या बव्हेरियाची. तिथे १५१६ साली निघालेल्या हुकमात बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढेच पदार्थ मान्य होते. गव्हाची बिअर करण्याचा हक्क त्यानंतर मोजक्या घराण्यांकडे आणि पुढे खुद्द ड्यूकच्या घराण्याकडे राहिला. त्या हुकमात यीस्टचा उल्लेखच नाही, कारण आंबवण्याचं काम सजीव पेशी करतात हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. आधीच्या घाण्यावरचा फेस, विरजण राखून ठेवावं तसा, पुढच्या घाण्यात घालायचा एवढं मात्र ठाऊक होतं.

यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड सोडतं, हे आपण शाळेत शिकलो. पण नुसत्या साखरेवर पेशीचं भागत नाही. वाढायचं तर प्रथिनं बांधावी लागतात आणि प्रथिनांना नायट्रोजन लागतो. माल्ट कोमट-गरम पाण्यात भिजवून जो गोड रस काढतात, त्याला वर्ट म्हणतात. त्यात हा नायट्रोजन अमिनो आम्लांच्या रूपात असतो. त्यांतलं एक ल्युसिन. यीस्ट ल्युसिनचा अमिनो गट काढून घेतं आणि आपल्या कामाला लावतं. उरतं एक कीटो-आम्ल. त्यातून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू निघून गेला की आल्डिहाइड तयार होतं, आणि त्यावर हायड्रोजन चढला की आयसोअमाइल अल्कोहोल. फेलिक्स एरलिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १९०७ मध्ये हा मार्ग मांडला, म्हणून आजही तो त्याच्या नावानं ओळखला जातो.

आयसोअमाइल अल्कोहोलचा वास मात्र उग्र असतो, स्पिरिटकडे झुकणारा. केळं अजून यायचंय. यीस्टच्या पेशीत ॲसिटिल-कोएन्झाइम-ए नावाचा रेणू असतो. अन्नातून ऊर्जा काढताना आणि चरबी बांधतानाही पेशी तो वापरते. त्याच्यावरचा दोन कार्बनचा तुकडा उचलून आयसोअमाइल अल्कोहोलला जोडणारं एक विकर यीस्टकडे आहे, अल्कोहोल ॲसिटिलट्रान्सफरेज. ते बनवण्याची माहिती ज्या मुख्य जनुकात असते त्याचं नाव एटीएफ-१. हा जोड बसला की तयार होतं आयसोअमाइल ॲसिटेट हे एस्टर. पिकल्या केळ्यात जो रेणू असतो तो नेमका हाच. त्याच्यासारखा दुसरा कुठला नव्हे, अणू न् अणू तोच. केळ्याच्या वासाच्या गोळ्यांमध्येही तोच असतो. बिअरमध्ये लिटरमागे साधारण १ मिलिग्रॅम झाला की आपल्या नाकाला तो कळू लागतो. म्हणजे १००० लिटरच्या टाकीत फक्त १ ग्रॅम!

आता टेस्टिंग रूमच्या काचेपलीकडे दिसणाऱ्या त्या स्टीलच्या टाक्यांकडे पाहा. केळं किती यावं हे ब्रुअर तिथे ठरवतो. तापमान १७-१८ अंशांच्या आसपास ठेवलं तर केळं मागे राहतं, २२ अंशांच्या पुढे जाऊ दिलं तर उसळून येतं. आंबताना उष्णता सुटते, त्यामुळे आपल्या हवेत टाकीभोवतीच्या दुहेरी भिंतीतून थंड द्रव खेळवत राहावं लागतं. टाकीची उंचीही मोजावी लागते. उंच टाकीत तळाशी दाब जास्त असतो, कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळून राहतो आणि एस्टर कमी होतात. वर्टमध्ये प्राणवायू भरपूर असेल तर एटीएफ-१ जनुक दबतं. असंतृप्त मेदाम्लं, म्हणजे माल्टमधून गाळासोबत येणारे काही तेलकट अंश, हेही त्याला दाबतात. कागदावर एकच पाककृती असलेल्या दोन ब्रुअऱ्यांच्या बिअरचा वास वेगळा का येतो, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

पण यीस्टनं हा उद्योग करावा तरी कशाला? माणसाला केळं आवडतं म्हणून नक्कीच नाही. बेल्जियममधल्या लूव्हेन इथल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी यीस्टमधलं एटीएफ-१ जनुक काढून टाकलं आणि चिलटांना निवड करू दिली. चिलटं गंधवाल्या साध्या यीस्टकडे जास्त ओढली गेली, आणि तेच यीस्ट त्यांच्या अंगावरून जास्त पसरलं. यीस्टला पाय नाहीत, पंख नाहीत. एका कुजत्या फळावरून दुसऱ्यावर जायचं तर कुणाच्या तरी अंगावर बसून जावं लागतं. (हाच रेणू मधमाश्यांच्या धोक्याच्या इशाऱ्यातही असतो. डंखाजवळून तो सुटला की बाकीच्या माश्या चवताळतात. हे १९६२ मध्ये दाखवलं गेलं.)

लवंगेची कथा वेगळी आहे. धान्याच्या पेशीभिंतींना फेरुलिक आम्ल चिकटलेलं असतं. माल्ट भिजवताना पाणी ४३ ते ४५ अंशांवर काही वेळ थांबवलं की धान्यातली विकरं ते सोडवतात. हे आम्ल सूक्ष्मजीवांना त्रासदायक असतं, म्हणून यीस्ट त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून त्याची धार बोथट करतं. उरतं ते ४-व्हिनाइलग्वायकॉल. खऱ्या लवंगेत असतं युजेनॉल, दातांच्या दवाखान्यात ज्याचा वास येतो ते. या दोन रेणूंत फरक फक्त एका कार्बनचा आणि दोन हायड्रोजनचा! केळ्याचा रेणू तंतोतंत तोच होता, लवंगेचा मात्र सख्खा भाऊबंद आहे.

हे काम करायला यीस्टमध्ये दोन जनुकं धडधाकट लागतात, आणि बहुतेक बिअर यीस्टांत ती मोडलेली आहेत. लूव्हेनच्याच संशोधकांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०१६ मध्ये आला. त्यात १५७ प्रकारच्या यीस्टचे जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय माहिती, वाचले होते आणि त्यातून हेच दिसलं. ज्या घाण्याला लवंगेचा, औषधी वास नाही त्याचाच फेस पुढच्या घाण्यात जायचा, असं शतकानुशतकं चाललं आणि माणसानं सूक्ष्मजंतूचं नावही माहीत नसताना त्याच्या जनुकांची निवड केली. हेफेवायझनच्या यीस्टमध्ये ती जनुकं शाबूत राहिली, कारण बव्हेरियातल्या पिणाऱ्यांना तो वास हवा होता.

"आमच्या बिअरमध्ये केमिकल नाही" असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. आयसोअमाइल ॲसिटेट हे रसायनच आहे, यीस्टनं केलं काय किंवा कारखान्यात केलं काय. क्राफ्ट बिअर बाधत नाही, ती आरोग्याला बरी, हा समज त्याहून घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ मध्येच मद्यार्कयुक्त पेयांना कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलंय, आणि ते मद्य छोट्या टाकीतलं की मोठ्या, असा भेद त्यात नाही. मी स्वतः दोन छोट्या ग्लासांच्या पुढे जात नाही. वास घ्यायला तेवढे पुरतात.

वास नीट यावा म्हणून ग्लास फार गार असताना घाई करू नका. एस्टर हवेत उडायला थोडी ऊब लागते, म्हणून तळव्यात ग्लास धरून दोन-चार मिनिटं थांबा. हळूच फिरवा, आधी हुंगा, मग घोट घ्या आणि गिळल्यावर नाकातून श्वास सोडा. केळं तेव्हा घशाकडून नाकात चढतं आणि जास्त स्पष्ट कळतं. शक्य असेल तर ब्रुअरला दोन गोष्टी विचारा: यीस्ट कुठलं आणि आंबवलं किती अंशांवर. शेवटी, ही बिअर जिथे बनते तिथेच ताजी चाखावी. बाटलीत महिनोन्महिने पडून राहिली की आयसोअमाइल ॲसिटेटचं पाण्याशी विघटन होत जातं, लवंगेचा रेणूही कमी होतो आणि त्याचा काही भाग ऑक्सिडीकरणानं व्हॅनिलिन होतो. मग केळ्या-लवंगेच्या जागी फिकट गोडसर व्हॅनिला येऊ लागतो.