सपाट पात्र म्हणजे फसलेले पात्र नव्हे
एकाच स्वभावगुणावर उभे असलेले ‘सपाट’ पात्र म्हणजे लेखकाचे अपयश, हा समज नवलेखकांच्या मनावर वर्षानुवर्षे बिंबवला जातो. तो चुकीचा आहे. सपाट आणि गोलाकार, म्हणजे अनेक पैलू असलेल्या, पात्रांची विभागणी इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये केंब्रिजमधील व्याख्यानांत मांडली, आणि तिथेच त्यांनी सपाट पात्रांची बाजूही घेतली: ती चटकन ओळखू येतात, पुढे लक्षात राहतात, आणि कादंबरीकार चार्ल्स डिकन्सची बहुतेक पात्रे सपाट असूनही जिवंत वाटतात. गोलाकार पात्राने मात्र वाचकाला पटेल अशा रीतीने चकित करावे, ही त्यांची कसोटी होती. पण प्रत्येक पात्र गोलाकार करायची गरज नसते: थकलेले भाडे मागायला क्षणभर दारात आलेल्या घरमालकाला बालपणीचे दुःख चिकटवले, तर खिसा रिकामा असलेल्या नायकावरून लक्ष उडते आणि प्रसंग विनाकारण ढिला पडतो.