संस्थेची ओळख आणि संस्थेची मागणी: वेबसाइटवर दोन वेगळी पानं का हवीत

खानदेशातली एखादी लहान संघटना वेबसाइट करायला बसते तेव्हा एकाच पानावर दोन कामं लादली जातात. आपण कोण हे सांगायचं असतं आणि हाती घेतलेली मागणीही पुढे रेटायची असते. दोन्ही कामं संस्थेचीच, त्यामुळे ती एकच वाटतात. पण त्यांचे वाचक वेगळे आणि गरजाही वेगळ्या. सोयीसाठी एकाला ओळखीचं पान म्हणू, दुसऱ्याला मागणीचं.

ओळखीचं पान कोण उघडतं? देणगी देण्याआधी खातरजमा करणारा पुण्या-मुंबईचा माणूस, बातमीत संस्थेचं नाव घालण्याआधी तपासून बघणारा वार्ताहर, निवेदन टेबलावर आल्यावर ‘ही मंडळी कोण’ म्हणून शोधणारा अधिकारी. त्यांना नोंदणी क्रमांक, विश्वस्तांची नावं, ऑडिट झालेले हिशेब, देणगीवर आयकर सवलतीची मान्यता (80जी) असेल तर तो तपशील आणि खरा पत्ता हवा असतो. हे वर्षातून एकदा नीट अद्ययावत केलं तरी भागतं, त्यामुळे या पानाबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

खरी मेहनत मागणीच्या पानाला लागते. समजा, नंदुरबार जिल्ह्यातल्या मोलगीच्या बाजारात एक तरुण उभा आहे. वडिलांचा वनहक्क दावा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरचा हक्क मागणारा अर्ज, उपविभागस्तरीय समितीने नाकारल्याचा कागद त्याच्या खिशात आहे. रेंज येते-जाते. अशा वेळी तो संघटनेची वेबसाइट उघडतो आणि समोर काय येतं? दीपप्रज्वलनाचे सरकते फोटो, शाल-श्रीफळाचा सत्कार, मग ‘आमची ध्येये व उद्दिष्टे’. ते उतरेपर्यंत रेंज जाते. त्याला हवं होतं ते चौथ्या मेनूत, ‘उपक्रम’ या शीर्षकाखाली दडलेलं.

त्याच्यासाठी पानाची पहिली ओळ अशी हवी: ‘दावा नाकारला? निर्णय कळल्यापासून 60 दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज करा.’ त्याखाली पुढची पायरी. नाकारण्याची कारणं लेखी मिळालीच पाहिजेत, आणि अर्जदाराला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय त्याच्याविरुद्ध निकाल देता येत नाही. अमुक एकाच प्रकारचा पुरावा आणा असा हट्ट कुणाला धरता येत नाही, गावातल्या जाणत्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. आदिवासी अर्जदाराला 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा ताबा दाखवायचा असतो. तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची अट इतर पारंपरिक वननिवासींना, म्हणजे जंगलावर जगणाऱ्या बिगर-आदिवासींना आहे. हा फरक ठळक लिहा, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

हेच पान अधिकारीही वाचतो. त्याच्यासाठी प्रत्येक विधानासोबत नियमाचा आधार द्या. ‘आदिवासींना न्याय द्या’ ही घोषणा मोर्चात शोभते. पानावर लिहायचं ते असं: 2006 च्या वनहक्क कायद्याखालच्या नियमांतील नियम 12अ प्रमाणे नाकारलेल्या प्रत्येक दाव्याची कारणं अर्जदाराला लेखी द्यावीत. मागणी कुणाकडे आहे आणि सध्या कुठे अडली आहे, तेही तिथेच दिसू द्या.

ओळखीचं पान जुनं झालं तर फार तर आळस दिसतो. मागणीचं पान जुनं राहिलं तर माणसं घाबरतात. 13 फेब्रुवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने दावे नाकारलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि 28 फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली. ज्या पानावर पहिली बातमी राहिली आणि दुसरी आलीच नाही, ते वाचून एखादं कुटुंब रात्रभर जागं राहू शकतं. म्हणून मागणीच्या पानावर ‘शेवटचा बदल’ आणि तारीख सगळ्यात वर असावी. ती सांभाळायची जबाबदारी संघटनेत एका ठरावीक माणसावर टाका. सगळ्यांवर टाकली की ती कुणीच घेत नाही.

मजकूर चढवताना एक चूक आपल्याकडे सर्रास होते. जुनी निवेदनं कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. ती तशीच चिकटवली की मोबाइलवर अगम्य अक्षरं उमटतात आणि गूगललाही त्यात काही सापडत नाही. पोस्टरचा फोटो टाकून मोकळं होण्यानेही तेच होतं: शोधात सापडत नाही, अंधांच्या मोबाइलला वाचून दाखवता येत नाही. सगळा मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे तो कुठल्याही फोनवर नीट दिसतो. शिवाय दोन मिनिटांचा आवाजी संदेश पावरी किंवा भिली या आदिवासी बोलीत, धुळे-जळगावच्या सपाटीवरच्या मागणीसाठी अहिराणीत. तो व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे जातो, आणि सरकारी मराठी ज्यांना जड जाते त्यांच्यापर्यंतही पोचतो.

नावं आणि फोटोंबाबतही दोन्ही पानांचे नियम वेगळे आहेत. विश्वस्तांची नावं जाहीर असलेलीच बरी. दावेदारांच्या याद्या, आधार कार्डाचे फोटो, गट नंबर मात्र कधीही जाहीर टाकू नयेत. कार्यालयाशी किंवा गावातल्या वजनदार माणसाशी भांडण चालू असताना ती यादी कुणाच्याही हातात पडू शकते. कामाचा पुरावा म्हणून दावेदारांचे चेहरे दाखवायचा मोह मी समजू शकते, पण त्याची किंमत त्या कुटुंबांना मोजावी लागते.

यासाठी दोन वेबसाइट करायची मुळीच गरज नाही. डोमेन एकच ठेवा आणि ते संस्थेच्याच नावावर घ्या, वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलाच्या नावावर नको. त्यावर दोन स्वतंत्र पत्ते करा. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवताना मुखपृष्ठाची न पाठवता थेट मागणीच्या पानाची पाठवा. ओळखीच्या पानावर मागणीची एक ओळ, मागणीच्या पानावर तळाशी ओळखीची एक ओळ, इतकाच त्यांचा संबंध पुरे.

मागणी मान्य झाली किंवा फेटाळली गेली तरी ते पान काढून टाकू नका. पत्ता तोच ठेवून वर निकाल लिहा आणि आदेशाची प्रत जोडा. पुढच्या तालुक्यातली संघटना निवेदन लिहायला बसेल तेव्हा ती तुमच्या पत्रकाच्या आधी तो आदेश शोधेल.