ट्रेबुशे, घरगुती

ट्रेबुशे, घरगुती : जड प्रतिभार खाली पडताना फिरणारी तुळई आणि तिच्या लांब टोकाला बांधलेली गोफण यांच्या साह्याने गोळा फेकणारे मध्ययुगीन वेढायंत्र लहान आकारात स्वतः बांधण्याचा व त्याचा पल्ला वाढवत नेण्याचा छंद. यूरोप व अमेरिकेत तो विशेष रुजला. मेजावर मावणाऱ्या वीतभर यंत्रापासून परसात उभ्या केलेल्या पुरुषभर उंचीच्या यंत्रापर्यंत त्याची व्याप्ती आहे. दोरांच्या पिळावर चालणाऱ्या ग्रीक-रोमन कॅटापुल्टशी ट्रेबुशेची अनेकदा गल्लत होते. प्रतिभारावर चालणाऱ्या या ट्रेबुशेत पीळ किंवा स्प्रिंग नसते, सारे काम गुरुत्वाकर्षण करते.

मूळ यंत्राच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. माणसांनी दोर ओढून चालवायचे ट्रेबुशे चीनमध्ये इ. स. पू. पाचव्या-चौथ्या शतकांच्या सुमारास वापरात असावे, असे मोहवादी (चिनी तत्त्वज्ञ मोझीच्या अनुयायांच्या) ग्रंथांतील वर्णनांवरून मानतात. ते पश्चिमेकडे बहुधा आवार या भटक्या टोळ्यांबरोबर सहाव्या शतकात पोहोचले. ग्रीसमधील थेसालोनिकीच्या वेढ्यात ते दिसते, मात्र हा वेढा काहींच्या मते ५८६ चा, तर काहींच्या मते ५९७ चा आहे. छंदाशी थेट संबंध असलेल्या प्रतिभारी प्रकाराचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. इतिहासकार पॉल चेव्हेडन यांच्या मते बायझंटिन सम्राट पहिला आलेक्सिओस याने १०९७ मधील नायसीआच्या (आजच्या तुर्कस्तानातील इझनिकच्या) वेढ्यासाठी जी नव्या धाटणीची यंत्रे करवली, ती प्रतिभारी होती. परंतु त्या प्रसंगाच्या वर्णनात, म्हणजे सम्राटाची कन्या ॲना कोम्नीनी हिच्या लेखनात, यंत्रे प्रचलित पद्धतीची नव्हती एवढेच येते; प्रतिभाराचा उल्लेख नाही. निःसंदिग्ध वर्णन मिळते ते सु. ११८७ मध्ये ईजिप्त-सिरियाचा सुलतान सलाउद्दीन याच्यासाठी लिहिणाऱ्या अल्‌-तरसूसीचे. त्याच्या यंत्रात दगडांनी भरलेली जाळी हाच प्रतिभार असून ती खड्ड्यात उतरते. त्यामुळे बाराव्या शतकाचा उत्तरार्ध ही कालमर्यादा धरणे अधिक सुरक्षित ठरते. उगम पूर्व भूमध्य प्रदेशातला असावा, याबाबत फारसा वाद नाही. तेथून हे यंत्र चीनकडे गेले आणि १२७३ च्या सुमारास शियांगयांग-फानचेंगच्या वेढ्यात मंगोलांनी ते मुस्लिम कारागिरांकडून करवून घेतले. भारतात अमीर खुसरौ व झियाउद्दीन बरनी यांच्या लेखनात अशा गोळाफेक यंत्रांची मंजनीक व मगरिबी ही नावे येतात.

तोफांपुढे मागे पडलेले हे यंत्र पुन्हा बांधण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न १८५० चा. फ्रान्सचा तत्कालीन अध्यक्ष व पुढे सम्राट झालेला लुई नेपोलियन याच्या पुढाकाराने फाव्हे या लष्करी अधिकाऱ्याने व्हँसेन येथे १०·३ मी. तुळईचे, ४,५०० किग्रॅ. प्रतिभाराचे यंत्र उभारले. त्याने २४ पौंडी, म्हणजे सुमारे १२ किग्रॅ. वजनाचा तोफगोळा १७५ मी. फेकला. याउलट १९८९ मध्ये डेन्मार्कमधील न्यूकबिंग फाल्स्टर येथे बांधलेल्या यंत्राने सुमारे २ टन प्रतिभारावर १५ किग्रॅ.चे गोळे जवळजवळ तेवढेच दूर टाकले. निम्म्याहून कमी भारात हे साधले, कारण नुसत्या वजनापेक्षा जुळणी महत्त्वाची असते. आजच्या छांदिष्टांचा भरही जुळणीवरच असतो. १९८६ पासून अमेरिकेच्या डेलावेअर राज्यात सुरू झालेल्या भोपळाफेक स्पर्धेत पुढे ट्रेबुशेसाठी स्वतंत्र गट आला आणि घरगुती बांधणीला चालना मिळाली.

आदर्श यंत्राचा पल्ला काढण्याचे सूत्र सोपे आहे : प्रतिभार व गोळा यांच्या वजनांचे गुणोत्तर गुणिले प्रतिभाराच्या पतनाची उंची, आणि त्याची दुप्पट. १० किग्रॅ. वजन अर्धा मीटर पडले आणि गोळा १०० ग्रॅ.चा असला, तर हवेचा रोध व घर्षण सोडून १०० मी. पल्ला येतो. हातच्या यंत्रांत याचा निम्मा भाग पदरात पडला तरी बांधणी चांगली समजावी. उरलेली ऊर्जा आसातील (तुळई ज्यावर फिरते त्या दांड्यातील) घर्षणात, चौकटीच्या हेलकाव्यात आणि मुख्यतः गोळा सुटल्यावरही झुलत राहणाऱ्या प्रतिभारात जाते. गोळा सुटताना तुळई उभी व प्रतिभार जवळजवळ स्थिर असावा, हे त्यामुळेच ध्येय मानतात. यासाठी सामान्यतः तुळईची लांब बाजू आखूड बाजूच्या पावणेचार ते चौपट, गोफण लांब बाजूएवढी आणि वजनांचे गुणोत्तर सुमारे १०० : १ ठेवतात. प्रतिभार तुळईला घट्ट न ठोकता बिजागरीने टांगला, तर तो अधिक सरळ खाली पडतो व पल्ला वाढतो. टेनिसचा चेंडू हलका व मोठा असल्याने हवा त्याला लवकर अडवते. त्याच वजनाच्या आसपासचा गोल्फचा चेंडू बराच पुढे जातो.

सर्वाधिक वेळ खाणारा भाग म्हणजे सुटीचा खिळा. गोफणीची एक दोरी तुळईला पक्की बांधतात. दुसरीच्या टोकाची कडी टोकावरच्या डोके कापलेल्या खिळ्यात नुसती अडकवलेली असते. गोफण फिरत पुढे आली की कडी घसरून सुटते. ज्वारीच्या शेतात पाखरे उडवताना गोफणकरी एका दोरीचे टोक बोटांतून सोडतो, तेच काम इथे खिळा करतो. गोळा फार उंच किंवा मागे गेला, तर कडी लवकर सुटली असे समजून पक्कडीने खिळा फेकीच्या दिशेला किंचित अधिक वाकवतात. गोळा समोरच जमिनीत आपटला तर उलट करतात. बदल थोड्याच अंशांचा असतो. खिळ्यावर गंज किंवा कापल्याची कड राहिली, तर कडी दर खेपेस वेगळ्या जागी अडकते आणि केलेली जुळणी निरर्थक ठरते. म्हणून तो बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करतात. नायलॉनची दोरी ताणली जाते, तिच्याऐवजी विणीची पॉलिएस्टर दोरी बरी. मोबाइलवरील मंदगती चित्रणाने सुटीचा क्षण पाहता येऊ लागल्यापासून हे काम पुष्कळ सोपे झाले आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा दंडक मात्र अनेक जण पाळत नाहीत.

चौकटीला चाके लावल्यास ती फेकीच्या वेळी मागेपुढे सरकते, प्रतिभाराचा मार्ग सरळ होतो व पल्ला वाढतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील अर्कहार्ट किल्ल्याजवळ झालेल्या प्रयोगांत टांगत्या प्रतिभाराचे एक व चाकांवरचे एक अशी दोन यंत्रे बांधली होती. मध्ययुगात चाके याच हेतूने लावत असत, असे यावरून काही जण म्हणतात. प्रयोगाने यंत्राचा गुण कळतो, जुन्या कारागिराचा हेतू नव्हे, हे ध्यानात घेतलेले बरे.

तरत्या तुळईच्या आधुनिक प्रकारात आस आडव्या रुळांवर धावतो आणि प्रतिभार उभ्या खाचेतून सरळ पडतो. चालत्या तुळईच्या प्रकाराला वेगळी चौकट नसते. दोन्हींना ऐतिहासिक आधार नाही, परंतु पल्ल्यात ते पारंपरिक रचनेला मागे टाकू शकतात.

कडी लवकर सुटल्यास गोळा थेट मागे जाऊ शकतो. म्हणून यंत्राच्या पुढे किंवा मागे कोणी उभे राहू नये आणि खटका बाजूने, लांब दोरीने ओढावा. भार चढवताना तुळई खुंटीने अडकवतात. ती खुंटी खटक्याहून वेगळी असावी.