एसीचा गॅस संपत नसतो

होळी जवळ आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी एक निरोप फिरतो: "उन्हाळा सुरू होण्याआधी एसीचा गॅस भरून घ्या." त्याखाली कोणी मेकॅनिकचा नंबर टाकतं, कोणी दर विचारतं, आणि आठवडाभरात गॅसचे सिलिंडर खांद्यावर घेतलेली माणसं जिन्यात दिसू लागतात. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण निरोप चुकीचा आहे, आणि त्यापायी दरवर्षी अनेक घरांत पैसे वाया जातात, यंत्रं बिघडतात.

आपल्या घरातला फ्रिज आठवून पाहा. तो वर्षानुवर्षं रात्रंदिवस चालतो. त्यात दर मार्चला कोणी गॅस भरतं का? फ्रिज आणि एसी ही एकाच तत्त्वावर चालणारी यंत्रं आहेत. एसीतला गॅस स्वयंपाकाच्या गॅससारखा जळत नाही, गाडीतल्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर त्याचा एकच अर्थ: कुठेतरी गळती आहे. ती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात रोज पाणी ओतणं.

मग दरवर्षी सर्व्हिसिंग कशासाठी? त्याचं उत्तर हवेच्या वाटेत आहे. ते नीट कळायला आधी त्या नळ्यांत काय चालतं ते पाहावं लागेल. मला या यंत्रातला सगळ्यात सुंदर भाग तोच वाटतो.

इंजेक्शन देण्याआधी नर्स दंडावर स्पिरिट लावते तेव्हा तिथे गार लागतं. स्पिरिट स्वतः गार नसतं. ते उडून जाताना वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता आपल्या कातडीतून घेतं. माठातलं पाणीही असंच गार होतं. द्रवाची वाफ व्हायची तर उष्णता लागते, आणि ती जवळच्या वस्तूतून ओढली जाते. एसी हेच करतो, फक्त उडून गेलेली वाफ वाया न घालवता तिचा पुन्हा द्रव करतो.

दुसरी गोष्ट प्रेशर कुकरची. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. उलट उंच डोंगरावर हवेचा दाब कमी, तर पाणी १०० च्या आधीच उकळतं. म्हणजे द्रव किती तापमानाला उकळणार हे दाबावर ठरतं. हे एक वाक्य धरून ठेवा, पुढचं सगळं त्यातून निघतं.

आजच्या बहुतेक नव्या घरगुती एसींमध्ये आर-३२ हा वायू असतो. मोकळ्या हवेच्या दाबाला तो उणे ५२ अंशांच्या आसपास उकळतो. पण त्याला वातावरणाच्या सुमारे ११ पट दाबाखाली ठेवलं की तो १० अंशांना उकळतो. इनडोअरच्या कॉइलमध्ये, म्हणजे पातळ पत्र्यांतून वळवलेल्या तांब्याच्या नळीत, साधारण हेच चालू असतं: १० अंशांना उकळणारा द्रव. खोलीतली २७-२८ अंशांची हवा ब्लोअर, म्हणजे आतला पंखा, त्या कॉइलवरून ओढतो, तिची उष्णता घेऊन द्रव उकळतो आणि हवा गार होते. उकळून झालेली वाफ कॉम्प्रेसर शोषून घेतो आणि दाबतो. दाब वातावरणाच्या तीसपटीच्या घरात गेला की तोच वायू ५० अंशांच्या आसपासही द्रव व्हायला तयार होतो. बाहेर ४० अंश असले तरी ५० अंशांचा वायू आपली उष्णता त्या हवेला देऊ शकतो. आउटडोअरमध्ये तो द्रव होतो, मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद वाटेतून जाताना त्याचा दाब उतरतो, आणि तो पुन्हा आत येऊन उकळू लागतो.

थोडा ढोबळ हिशेब करू. 'टन' हे माप बर्फाच्या काळातलं आहे. एक टन म्हणजे ९०७ किलो बर्फ वितळवायला लागेल तेवढी उष्णता २४ तासांत काढून घेणं, म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात खोलीतून ५.३ किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. एक किलो आर-३२ एका फेरीत अडीचशे किलोज्यूलच्या आसपास उष्णता उचलतो. म्हणजे नळीतून दर सेकंदाला वीस-बावीस ग्रॅम वायू जायला हवा. अशा यंत्रात वायू भरलेला असतो साधारण ८०० ग्रॅम. म्हणजे सगळा वायू चाळीसेक सेकंदांत एक फेरी पुरी करतो. आठ तासांच्या रात्रीत सातशेच्या आसपास फेऱ्या, आणि सकाळी तो जेवढा होता तेवढाच! हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा कितीतरी वेळ त्या आकड्याकडेच पाहत बसलो होतो.

आता या वर्तुळात धूळ आणू.

दीड टनाच्या एसीचा ब्लोअर मिनिटाला १३ ते १५ घनमीटर हवा ओढतो. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत मिळून ३४ घनमीटरच हवा असते. म्हणजे खोलीतली सगळी हवा दर दोन-अडीच मिनिटांनी फिल्टरमधून जाते. त्यात रस्त्यावरची धूळ असते, पांघरुणाचे तंतू असतात, उदबत्तीचा धूर असतो, फोडणीचा तेलकट धूर असतो. फिल्टर त्यातलं जाडंभरडं अडवतो. बारीक आणि तेलकट कण पुढे जाऊन कॉइलच्या ओल्या पत्र्यांना आणि ब्लोअरच्या पात्यांना चिकटतात. पत्र्यांमधली फट असते जेमतेम दीड मिलिमीटर. दोन्ही बाजूंनी पातळ थर बसला तरी हवेची वाट निम्मी होते.

हवा कमी झाली की काय व्हावं? सहज वाटतं, यंत्र कमी गार करेल. तसं होतंच, पण त्याच वेळी कॉइल जास्त गार होते. कॉइलमधल्या द्रवाला उकळायला उष्णता हवी आणि ती हवेतूनच येते. हवा कमी आली तर वाफ कमी बनते. कॉम्प्रेसर मात्र पहिल्याच वेगाने वाफ शोषत राहतो. बनते कमी आणि शोषली जाते जास्त, म्हणून कॉइलमधला दाब घसरतो. आणि दाब घसरला की उकळण्याचं तापमान घसरतं. आर-३२ च्या बाबतीत दाब वातावरणाच्या ११ पटींवरून ८ पटींवर आला की तो शून्य अंशाला उकळायला लागतो. कॉइलवर हवेतलं बाष्प जमून पाणी झालेलंच असतं. आता त्या पाण्याचा बर्फ होतो. बर्फ पत्र्यांमधल्या फटी बुजवतो, हवा आणखी कमी होते, दाब आणखी उतरतो आणि बर्फ वाढत जातो. सकाळी पॅनल उघडून पाहावं तर आत पांढरी शुभ्र भिंत, आणि खोली उकडते आहे. नव्या यंत्रांत कॉइलचं तापमान मोजणारा सेन्सर कॉम्प्रेसर हळू करतो किंवा थांबवतो, त्यामुळे बर्फ दिसत नाही. फक्त "एसी चालू असतो पण गार होत नाही" एवढीच तक्रार उरते.

सगळा घोटाळा इथेच होतो. मेकॅनिक येतो, आउटडोअरला गेज (दाबमापक) लावतो आणि दाब कमी दिसतो. गॅस कमी असला तरी दाब कमीच दिसतो आणि बर्फही धरतो. ताप मलेरियात येतो तसा टायफॉइडमध्येही येतो, तसंच हे. गेजवरच्या एका आकड्यावरून "गॅस कमी आहे" म्हणणं म्हणजे रक्त न तपासता औषध देणं. माझ्या घरी दोन वर्षांपूर्वी नेमकं हेच झालं. गॅस टॉप-अप झाला, चार दिवस बरं वाटलं आणि पाचव्या दिवशी यंत्र पुन्हा बंद पडू लागलं. नंतर दुसऱ्या एका कारागिराने ब्लोअर उतरवून दाखवला. पात्यांच्या वळणात इतका मळ भरला होता की पातं सपाट झालं होतं. ते धुतल्यावर त्याने गेज लावला, तर दाब जास्त निघाला. वरून भरलेला गॅस शेवटी काढावा लागला.

दोन्हींतला फरक ओळखण्याची एक खूण आहे. गॅस कमी असेल तर बर्फ बहुधा कॉइलच्या सुरुवातीच्या भागात धरतो, जिथे बारीक नळी आत येते, आणि उरलेली कॉइल कोरडी-कोमट राहते. हवा अडली असेल तर कॉइल सगळीकडे गोठते आणि परतीच्या जाड नळीवरही बर्फ चढतो. पण सगळ्यात सोपा नियम असा की आधी धुणं, मग मोजणं. धुण्याआधी गेज लावणाऱ्याला थांबवा.

आउटडोअरची कथा याच्या उलट आहे. तिथे धूळ बसली तर उष्णता बाहेर जात नाही, वायूचं तापमान ४५ ऐवजी ५५ अंशांवर जातं आणि कॉम्प्रेसरला जास्त दाबावर ढकलावं लागतं. फ्रान्सच्या सादी कार्नोने १८२४ मध्ये उष्णतेच्या यंत्रांची जी मर्यादा दाखवली तीच इथे लागू पडते. थंड बाजूचं केल्विनमधलं तापमान भागिले दोन्ही बाजूंच्या तापमानांतला फरक, हा आदर्श यंत्राचा गुणांक, म्हणजे केलेल्या कामाच्या किती पट उष्णता ते काढू शकतं तो आकडा. थंड बाजू १० अंश म्हणजे २८३ केल्विन. गरम बाजू ४५ असेल तर २८३ भागिले ३५, म्हणजे ८.१. गरम बाजू ५५ झाली तर २८३ भागिले ४५, म्हणजे ६.३. खरं यंत्र या आदर्शाच्या बरंच खाली असतं, पण ते घसरतं याच दिशेने. आदर्श यंत्रालासुद्धा तेवढ्याच गारव्यासाठी सुमारे २९ टक्के जास्त काम करावं लागतं, आणि ते काम वीजबिलात दिसतं.

म्हणूनच आउटडोअर कुठे बसवलं याला महत्त्व आहे. काही घरांत 'वास्तू'च्या सल्ल्याने आग्नेय कोपरा धरून ते अरुंद डक्टमध्ये किंवा बंद गॅलरीत बसवलेलं मी पाहिलं आहे. तिथे त्याने फेकलेली गरम हवा तेच पुन्हा ओढतं. वायूला दिशा कळत नाही, त्याला मोकळी हवा लागते. शोभेची जाळी, वाळत घातलेले कपडे, कबुतरांचं घरटं यांतलं काहीही समोर असलं तरी परिणाम तोच.

मग गळती होतच नाही का? होते. फ्रिजच्या नळ्या कारखान्यातच जोडून बंद होतात. स्प्लिट एसीच्या नळ्या मात्र आपल्या घरी, खिडकीबाहेर लोंबकळत, नळीचं तोंड फुलवून त्यावर फ्लेअर नट आवळून जोडल्या जातात. ती जागा कच्ची राहू शकते. दुसरं कारण गंज. मुंबई, कोकण, गोव्याच्या किनाऱ्यावर खारी हवा, आणि नाल्याकाठच्या इमारतींत हायड्रोजन सल्फाइड, दोन्ही कॉइलचं नुकसान करतात. तांब्याचा आणखी एक विचित्र गंज आहे. फॉर्मिक किंवा अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ, ओलावा आणि ऑक्सिजन एकत्र आले की नळीच्या भिंतीत मुंग्यांच्या वारुळासारखे सूक्ष्म बोगदे पडतात. वरून नळी धडधाकट दिसते आणि आतून वायू झिरपत असतो.

गळती सापडली तर काम क्रमाने व्हायला हवं. राहिलेला वायू परत गोळा करायचा, नायट्रोजनच्या दाबाने तपासायचं, जोड पक्का करायचा, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओलावा काढायचा, आणि यंत्राच्या पाटीवर लिहिलेला वायू वजनकाट्यावर मोजून भरायचा. नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन कधीही वापरू देऊ नका. कॉम्प्रेसरच्या तेलाशी त्याचा स्फोट होऊ शकतो. आर-३२ स्वतःही थोडा ज्वलनशील आहे. आणि तो हवेत सोडणं हा आपल्या सगळ्यांवरचाच भार आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट तापमानवाढ करतो. ८०० ग्रॅम गेला तर ५४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. याच वर्गातले वायू कमी करण्याचा किगाली करार २०१६ मध्ये झाला आणि भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. दरवर्षीचं बिनकामाचं 'टॉप-अप' त्याच्या अगदी विरुद्ध जातं.

अधूनमधून "एसीच्या पाण्यातून लिजिओनेला होतो" असाही इशारा फिरतो. लिजिओनेला हा फुप्फुसांचा गंभीर आजार करणारा जिवाणू. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात ज्या साथीमुळे हा आजार ओळखला गेला, तिचा संबंध एका हॉटेलच्या मोठ्या वातानुकूलन यंत्रणेशी जोडला जातो. तशा यंत्रणांच्या कूलिंग टॉवरमध्ये कोमट पाण्याचे तुषार उडतात. घरच्या स्प्लिट एसीत तसं पाणी नसतंच, त्यामुळे ती भीती सोडा. बुरशी मात्र खरी आहे. कॉइलखालच्या ट्रेमध्ये आणि ड्रेन पाइपमध्ये शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो, पाणी तुंबून भिंतीवर ओघळतं, आणि एसी लावल्याबरोबर येणारा ओल्या कपड्यांसारखा वास तिथलाच असतो. दम्याच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या माणसाला त्याचा त्रास होतो. त्यावर सुगंधी फवारे विकले जातात. ते वास झाकतात, बुरशी तिथेच राहते.

घरच्या घरी करायचं ते थोडंच. एसी रोज चालत असेल तर दर पंधरा दिवसांनी फिल्टर काढून साध्या पाण्याने धुवायचे आणि सावलीत वाळवायचे. कॉइल, ब्लोअर, ट्रे आणि आउटडोअर वर्षातून एकदा कारागिराकडून. मुंबईसारख्या ठिकाणी, जिथे ऑक्टोबर हीटमध्येही एसी चालतो, तिथे दोनदा. एमसीबी बंद केल्याशिवाय कोणी आत हात घालू नये. प्रेशर पंपाची धार पत्र्यांच्या सरळ रेषेत धरायची, तिरकी धरली तर मऊ अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे दुमडतात आणि हवा पुन्हा अडते. आउटडोअर छज्ज्यावर असेल तर कारागिराला पट्टा बांधायला सांगा आणि तो बांधेपर्यंत काम सुरू करू देऊ नका. हे काम एप्रिलमध्ये काढू नका. तेव्हा एकेका माणसाला दिवसात आठ-दहा घरं असतात आणि ब्लोअर उतरवायला कोणाकडेच वेळ नसतो. संक्रांत झाली की बोलवा.

आणि जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस होऊन एसी बंद करायची वेळ आली की लगेच बटण दाबू नका. कॉइल ओली असते, आणि ती तशीच झाकली तर पुढचे चार महिने बुरशीला ओल मिळत राहते. शेवटच्या दिवशी यंत्र दीड-दोन तास नुसत्या फॅन मोडवर चालवा. आतून येणारी हवा खोलीच्या हवेसारखीच, कोरडी लागू लागली की मग मेन स्विच बंद करा.