भिगवणच्या पक्ष्यांच्या मागची गोष्ट

डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईकडचे पक्षीवाले एकमेकांना एकच प्रश्न विचारायला लागतात, भिगवणला फ्लेमिंगो आले का. इतकी वर्षं हे चाललंय की नवीन लोकांना वाटतं हे पक्षी तिथे पूर्वापार येतच असणार. पण पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणला जे अथांग पाणी दिसतं ते काय तलाव नाही, उजनी धरणाचं बॅकवॉटर आहे ते, धरणाची भिंत तिकडे लांब टेंभुर्णीजवळ, आणि धरण पूर्ण झालं १९८० मध्ये. त्याआधी तिथे भीमा होती, काठावर वस्त्या होत्या, देवळं होती, काळीभोर जमीन होती. पळसदेवचं जुनं देऊळ अजून पाण्यात उभंय, पाणी उतरलं की कळसापासून हळूहळू बाहेर येतं, फोटो तुम्ही पाहिलेच असतील.

मग धरणाआधी या भागात हिवाळ्यात पक्षी नव्हते का? होते की, पण वेगळे. इंदापूर, बारामती, दौंड हा सगळा माळ आणि जिरायती ज्वारीचा पट्टा, इथला थंडीतला पक्षी म्हणजे भोरडी, गुलाबी अंगाची मैना. मध्य आशियाच्या गवताळ भागात पिल्लं काढायची, टोळ खायचे आणि मग हजारोंच्या थव्याने आपल्याकडे यायचं. ज्वारी हुरड्यात आली की घरातलं एक माणूस सकाळपासून शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर चढायचं, हातात गोफण, जोडीला बडवायला पत्र्याचा डबा, आणि दिवसभर हाऽऽहाऽऽ करून घसा बसायचा. आता आपण भोरड्यांचा थवा संध्याकाळी कसा वळतो त्याचे व्हिडिओ करतो, पण तेव्हा ती राखण म्हणजे पोटाचा प्रश्न होता. त्याशिवाय हरभऱ्यात उतरणारे करकोचे, माळावर खालून घिरट्या घालणारे भोवत्या हे शिकारी पक्षी. ते आजही येतात पण त्यांच्यासाठी कुणी भिगवणला जात नाही. माझ्या मते हे जरा चुकतंच आपलं, अलीकडे कडबनवाडीच्या माळाकडे लोक वळायला लागलेत तेवढंच समाधान.

बदकांचं म्हणाल तर साहेबांच्या काळात थंडी म्हणजे शिकारीचा सीझन. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ ला मुंबईत सुरू झाली ती निसर्गाचं वेड असलेल्या लोकांनी, पण त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात बंदूकही असायची, त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे पाडून हातात घ्यायचा हीच पद्धत. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींची सुरुवातसुद्धा तशीच की. लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग, ही कुठली म्हणून सोसायटीत गेले आणि सेक्रेटरी मिलार्ड यांनी त्यांना पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा अख्खा संग्रह उघडून दाखवला. पुढे १९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं आणि साध्या माणसाला चित्र बघून पक्षी ओळखता येऊ लागला, बंदूक न उचलता. कायद्याने शिकारीला लगाम बसला तो १९७२ नंतर, आणि पूर्ण दार बंद झालं १९९१ च्या दुरुस्तीने, म्हणजे फार जुनी गोष्ट नाहीये ही.

हे पक्षी येतात कुठून याचा आपल्याकडे नीट शोध सुरू झाला तो मात्र एका आजारामुळे, हे फार जणांना माहीत नसतं. १९५७ ला कर्नाटकात शिमोग्याकडच्या जंगलात माकडं मरायला लागली, माणसांना ताप, तोच क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. विषाणू बघितला तर रशियातल्या गोचिडीच्या तापाशी जुळणारा. मग शंका आली की स्थलांतर करणारे पक्षी अंगावरच्या गोचिड्यांबरोबर हे तिकडून आणत नाहीत ना. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले आणि १९५९-६० च्या सुमारास सोसायटीने मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांच्या पायात वाळे घालायला सुरुवात केली. त्या वाळ्यांमुळे इथली बदकं सायबेरिया, कझाकस्तानपर्यंत जातात याचे पुरावे हातात आले. आता तर मंगोलियात मानेत पट्टा घातलेले पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस, भारतात दिसतात, हिमालय ओलांडून आलेले, आणि पट्ट्यावरचा नंबर वाचून लोक कळवतात.

आता परत पाण्याकडे. महाराष्ट्राच्या पठारावर मोठी नैसर्गिक सरोवरं जवळपास नाहीतच, लोणार सोडा. त्यामुळे आपली पाणपक्ष्यांची नावाजलेली ठिकाणं बघा, बहुतेक सगळी माणसाने अडवलेल्या पाण्याची. नांदूरमधमेश्वरला गोदावरी-कादवा संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, वर्षानुवर्षं गाळ साठत गेला, बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. इंजिनिअरच्या दृष्टीने बंधारा निकामी होत चाललेला आणि बदकांच्या दृष्टीने तयार होत आलेला! सलीम अलींनी त्याला, राजस्थानातल्या प्रसिद्ध पक्षी अभयारण्यावरून, महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं असं सांगतात, १९८६ ला अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये राज्यातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. पैठणचं जायकवाडी १९७६ चं, तेही पुढे अभयारण्य झालं. उजनी त्या मानाने उशिरा आलेली.

उजनीत पक्ष्यांना नेमकं काय मिळतं ते समजायला गाळपेर बघायला पाहिजे. पावसाळ्यात धरण भरतं, मग कॅनॉलला आणि नदीत पाणी सोडत जातात तसा फुगवटा मागे सरकतो आणि मैलोगणिक चिखल उघडा पडतो. शेतकरी त्या ओल्या जमिनीवर मिळेल ते पेरतात, सकाळी पट्टकादंब त्याच कोवळ्या हिरव्यावर चरायला उतरतात, आणि कडेच्या पाण्यात, गुडघाभर सुद्धा नाही अशा, रोहित म्हणजे आपले फ्लेमिंगो. होडीचं इंजिन बंद करून नावाडी बांबूने ढकलत जवळ नेतो तेव्हा कळतं की ते नुसते उभे नसतात, पाय जागच्या जागी आपटत गोल फिरतात, खालचा गाळ ढवळतात आणि मान उलटी घालून चोचीतून गाळून घेतात. आणि अप्रिय गोष्ट अशी की या पाण्यात पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा, भीमेतून उतरतं, हिरव्या तवंगाचा वास कपड्याला राहतो. गाळातल्या या मेजवानीला तेही खत असणारच, कितीही नको वाटलं तरी.

ज्यांची शेतं पाण्याखाली गेली त्या भागातच मग मासेमारी वाढली, भिगवणचा मासळी बाजार नावारूपाला आला, जाळ्यात परदेशी चिलापी जास्त आणि देशी मासे कमी अशी तक्रार सुरू झाली. डिजिटल कॅमेरे स्वस्त झाले आणि कुंभारगाव, डिकसळकडे शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागायला लागली, तसं मासेमारांच्याच पोरांनी पक्ष्यांची नावं पाठ केली, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. घरात माशाचं जेवण, पहाटे होडी, राहायला खोली. मोठमोठ्या लेन्सवाल्यांपेक्षा ही पोरं लांबून जास्त ओळखतात, थापट्या का तलवार बदक हे नुसत्या उडण्यावरून सांगतात. यातले काही जण उडताना फोटो पाहिजे म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला सरळ नाही म्हणतात, काही होडी घुसवतात, दोन्ही पाहिलंय. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते तिच्यातही असे स्थानिक लोक उपयोगी पडतात.

आणि सगळं शेवटी येऊन थांबतं ते पाण्याच्या टक्क्यावर. सोलापूर जिल्ह्यात ऑगस्टपासून घरोघरी "उजनी किती टक्के" हा प्रश्न असतो, शंभर झाली की ऊसवाले पेढे वाटतात. पक्षीवाल्यांचं गणित नेमकं उलटं. धरण तुडुंब राहिलं तर चिखल उघडा पडायला उशीर, फ्लेमिंगो फेब्रुवारी-मार्चपर्यंत ताटकळवतात. २०२३ ला पाऊस कमी झाला, धरण जेमतेम साठ टक्क्यांच्या आसपास अडकलं आणि पुढच्या उन्हाळ्यात मायनसमध्ये, म्हणजे वापरायचा साठा संपून तळाच्या मृतसाठ्यात, खोल गेलं, तेव्हा काठाकाठाने सगळीकडे उथळ पाणी होतं आणि गावांत टँकर. त्यामुळे जायच्या आधी नावाड्याला फोन करून पाणी किती उतरलं ते विचारा, पण विचारताना आवाजात फार उत्साह दाखवू नका, त्याच्या भावाचा ऊस असतो तिथेच काठावर.