मारेकरी आई: भयपटांतलं एक जुनं पात्र

पोटच्या मुलांना मारणारी आई हे पात्र भयपटांच्या फार आधीचं. इ.स.पू. 431 मध्ये अथेन्सला ग्रीक नाटककार युरिपिडीसचं ‘मीडिया’ हे नाटक झालं. नवऱ्याने दुसरीशी लग्न केलं म्हणून सूड उगवायला मीडिया आपलीच दोन मुलं मारते. नाट्यस्पर्धेत त्याला तिसरा, म्हणजे शेवटचा क्रमांक मिळाला. पण टिकलं तेच. मीडियाची माया आटलेली नसते. ती मुलांना जवळ घेते, कचरते, बेत रद्द करते आणि पुन्हा ठरवते. या पात्राची सगळी ओढ मला त्या कचरण्यात दिसते. आपल्या पूतनेला असा पेच पडत नाही, कारण तिचं आईपण सोंगाचंच.

पुढे लोककथांनी यातून सोयीची वाट काढली. ग्रिम बंधूंच्या 1812 च्या आवृत्तीत स्नो व्हाइटच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती. 1819 मध्ये ती सावत्र झाली. गोष्टी लहानांच्या हाती जाणार, तेव्हा सख्ख्या आईचं नाव राखायला हवं होतं. सावत्र आयांची तेवढी बदनामी झाली.

1960 च्या ‘सायको’ने आईला परत आणलं खरं, पण तिथेही एक पळवाट आहेच. खून करणारी आई नसतेच. मेलेल्या आईचे कपडे चढवलेला मुलगा असतो. पडद्याआडचा तिचा आवाज तर एकाहून जास्त कलाकारांचे आवाज मिसळून बनवलेला. म्हणजे इतक्या गाजलेल्या ‘आई’ने स्वतः कुणालाच मारलं नाही, निदान आपल्या डोळ्यांदेखत.

ही फट भरली ती 1980 च्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ने. चित्रपट स्वस्तातला, मांडणी ढोबळ, पण खुनी कोण याचं उत्तर अफलातून. शिबिरातल्या पोरापोरींचं लक्ष नसताना आपला मुलगा बुडाला, म्हणून मिसेस वुऱ्हीस एकेकाला संपवत सुटतात. त्या पहिल्यांदा समोर येतात तेव्हा घाबरलेली नायिका त्यांच्याच कुशीत शिरते. मग त्या मुलाच्या आवाजात स्वतःलाच हुकूम देऊ लागतात. ‘सायको’त मुलगा आईच्या आवाजात बोलत होता, इथे बरोबर उलटं. पटकथाकार व्हिक्टर मिलर यांनी पुढे सांगितलं, की मुलांसाठी जीव घेईल अशी आई आपल्याला नेहमी हवी होती. आकर्षण आहे ते हे: असं कुणी आपल्या बाजूने असावं, ही जरा लाजिरवाणी इच्छा.

पुढच्या भागांत मुलगा जेसनच खुनी झाला आणि आई मागे पडली. इतकी, की 1996 च्या ‘स्क्रीम’ या भयपटात ‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या पहिल्या चित्रपटातला खुनी कोण, या प्रश्नावर ‘जेसन’ हे चुकीचं उत्तर जिवाशी येतं.

अभ्यासकांपैकी बार्बरा क्रीड यांनी 1993 च्या पुस्तकात या बायकांची मांडणी केली. भयपटातली स्त्री म्हणजे फक्त बळी, हा समज त्यांनी खोडला. पण प्रेक्षकाची जागा हलवली ती जेनिफर केंट यांच्या ‘द बाबाडूक’ने (2014). त्यातली विधवा आई झोपेविना खचलेली आहे, मुलगा तिला नकोसा होतोय, आणि कॅमेरा बराच काळ तिच्याच सोबत राहतो. तिच्या हाती सुरी येईपर्यंत आपण तिच्या इतके जवळ असतो, की भीती मुलासाठी वाटतेय की तिच्यासाठी, हे सांगता येत नाही.